वाईट वाटल्याची नोंद

माझ्या आत्याला भरदुपारी खुर्चीला बांधून ठेवलं होतं, यावर चर्चा करायला आम्ही चौघं एका उशीभोवती बसलो होतो.

उशी पिवळी होती आणि टीपॉयवर मधोमध ठेवलेली होती. ज्याच्या मांडीवर उशी त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि ऐकताना चेहरा 'खुला' ठेवायचा, असा तिथला नियम. चेहरा खुला ठेवणं म्हणजे काय ते मी व्यवस्थापकांकडे बघून शिकलो. भुवया थोड्या वर, ओठ थोडे अलग, डोळ्यांत काहीच नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आरोप नको, अनुभव सांगा.' या जागेला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'निवास' म्हणायचं, हे आत्याला दाखल करतानाच आम्हाला बजावलेलं होतं. जिथे जागेलाच तिच्या नावाने हाक मारायची चोरी, तिथे बाकीच्या गोष्टींचं काय होणार याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

झालं होतं ते असं. मी सहसा संध्याकाळी जातो. त्या दिवशी काम लवकर आटोपलं म्हणून दुपारीच गेलो. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. टोकाच्या हॉलमधून टाळ्यांचा आवाज येत होता. आत्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत ती खुर्चीत बसलेली होती. कमरेवरून आणि दोन्ही हातांवरून एक चादर घेऊन खुर्चीच्या पाठीमागे गाठ मारली होती. पुस्तक खाली पडलं होतं. चष्मा तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर पडला होता आणि तो उचलायला तिला वाकता येत नव्हतं. मला बघून ती रडली नाही की ओरडली नाही. "सोड," एवढंच म्हणाली.

गाठ सुटेना. नखं दुखली तरी सुटेना. शेवटी मी स्वयंपाकघरातून कात्री आणून चादर कापली. निवासाची चादर कापल्याबद्दल नंतर मला विचारणा झाली, ती वेगळी.

कर्मचारी कुठे होते? सगळे हॉलमध्ये होते. 'सहृदय संवाद' या विषयावर प्रशिक्षण चालू होतं आणि हजेरी सक्तीची होती. म्हणून जे रहिवासी आपले आपण उठतात, खिडकीपाशी जातात, पडू शकतात, त्यांना तेवढ्या वेळापुरतं 'स्थिर केलं' होतं. निवासाच्या भाषेत आत्याला कोणी बांधलेलंच नव्हतं.

माझं पोट मी औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं लिहून भरतो. 'क्वचित प्रसंगी मृत्यू ओढवू शकतो' हे शब्द चक्कर आणि तोंडाला कोरड यांच्या मधोमध कसे बसवायचे हे मला चांगलं कळतं. पण त्या रात्री मी तक्रार लिहिली ती सरळ लिहिली. 'माझ्या आत्याला बांधून ठेवणं चुकीचं होतं. हे पुन्हा होता कामा नये.' कित्येक वर्षांत 'क्वचित प्रसंगी' न घालता लिहिलेली माझी ती पहिली दोन वाक्यं.

आणि आता त्या दोन वाक्यांचं काय करायचं यासाठी ही बैठक.

आत जाताना ताईने माझी बाही धरली होती. ताई माझ्यापेक्षा मोठी आणि माझ्यापेक्षा शहाणी, असं ती म्हणते. "हे बघ, तोंड सांभाळ. उद्या घेऊन जा म्हणाले तर ठेवायची कुठे तिला? तुझ्या चौथ्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? माझ्याकडे सासूबाई अंथरुणावर आहेत. एवढं एक ठिकाण मिळालंय."

"ताई, बांधलं होतं तिला."

"मला काय वाईट वाटलं नाही का? पण आपली बाजू पडती आहे, कळतंय का तुला?"

कळत होतं. तेच जास्त डोक्यात जात होतं.

उशी पहिल्यांदा समन्वयकाने घेतली. संवाद-समन्वयक हे त्याचं पद. परवाचं प्रशिक्षणही त्यानेच घेतलं होतं, म्हणजे टाळ्या त्याच्यासाठी चालल्या होत्या. बिथरलेल्या घोड्याशी बोलावं तशा आवाजात तो बोलतो. आणि गंमत अशी, की हा गृहस्थ आत्याचा विद्यार्थी. नीतिशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेला. आत्या अजून त्याला 'सुवर्णपदक' म्हणूनच हाक मारते. त्यात कौतुक किती असतं ते मला कधी नीट कळलेलं नाही.

"दादा," तो मला म्हणाला, "तुमची तक्रार आम्ही मनापासून स्वीकारली आहे. नोंद अशी केली आहे," आणि त्याने वाचून दाखवलं, "'दुपारच्या व्यवस्थेमुळे रहिवासी मॅडमच्या भाच्याला वाईट वाटलं.'"

मी उशी मागितली. मिळाली.

"मी असं लिहिलेलं नाही. मी लिहिलंय की ते चुकीचं होतं."

उशी परत गेली. "तेच ते, दादा. फक्त स्वच्छ भाषेत."

मी उशी ओढून घेतली. "लिफ्ट बंद आहे अशी तक्रार केली तर तुम्ही काय लिहाल? 'लिफ्टमुळे गृहस्थ उदास झाले'?"

ताईने माझा पाय दाबला. व्यवस्थापकांचा चेहरा आणखी खुला झाला.

समन्वयक मात्र हसला. अशा प्रश्नाची तो वाटच बघत असावा. "लिफ्ट बंद आहे हे जाऊन बघता येतं, दादा. चादर होती, मान्य. गाठ होती, मान्य. चष्मा खाली पडला होता, तेही मान्य. पण 'चुकीचं' कुठे होतं? चादरीच्या कुठल्या टोकाला? तपासा, नाही सापडणार. कारण ते तिथे नाहीच. ते तुमच्यात आहे." मग त्याने उशीवर अलगद हात फिरवला. "हे माझं नाही. मॅडमनीच शिकवलंय."

आणि ते खरं होतं.

आत्याने आयुष्यभर कॉलेजात हेच शिकवलं. 'टेबल लाकडी आहे' आणि 'चोरी वाईट आहे' ही वाक्यं दिसायला बहिणी बहिणी, पण दुसरीने सोंग घेतलेलं आहे, असं ती म्हणायची. टेबल ठोकून बघता येतं. चोरी कितीही उलटीपालटी केली तरी हात सापडेल, खिसा सापडेल, पाकीट सापडेल, वाईटपणा नावाचा पदार्थ काही हाती लागायचा नाही. तेव्हा 'चोरी वाईट आहे' याचा अर्थ 'चोरी? शी!' आणि 'दया चांगली' याचा अर्थ 'दया? वा!' बस्स. पोरं तिला 'शी-वा मॅडम' म्हणायची, आणि ते तिला ठाऊक होतं. घरातही तेच. लहानपणी मी ताईची रंगपेटी लंपास केली आणि बाबा "हे चूक आहे" म्हणून ओरडले, तेव्हा आत्या आतून म्हणाली होती, "दादा, तू नुसतं शी म्हणतो आहेस." बाबा म्हणाले, "मग शी म्हणतो, आणि वर कानाखालीही देतो." तत्त्वज्ञानाची आमच्या घरातली मजल तिथवरच गेली.

आता तेच शी-वा तिच्यावर उलटलं होतं. बांधलं कोणाला, तर तिला. आणि बांधणाऱ्यांच्या बाजूने साक्ष कोणाची, तर तिचीच.

व्यवस्थापकांनी उशी घेतली. त्यांना सिद्धांताशी देणंघेणं नव्हतं, त्यांना साडेतीनला हॉलमध्ये प्रशिक्षणाची दुसरी तुकडी सुरू करायची होती. "वाईट वाटलं म्हणून नोंद झाली, की पुढची पद्धत ठरलेली आहे. मॅडमच्या खोलीत दर आठवड्याला ताजी फुलं. तुमच्यासाठी समुपदेशनाची दोन सत्रं. विनामूल्य."

"आणि चादरी?"

"उशी," समन्वयकाने हळूच आठवण दिली.

मी उशी घेतली. "आणि चादरी?"

"चादरींचा इथे प्रश्न येत नाही," व्यवस्थापक म्हणाले. "प्रश्न भावनांचा आहे."

तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात मला फार संताप आला. एका शब्दाने काय फरक पडतो, असं कोणालाही वाटेल. हा फरक पडतो! वाईट वाटलं असेल तर औषध मला द्यायचं. चुकीचं असेल तर औषध त्यांनी घ्यायचं. 'वाईट वाटलं' असं लिहिलं की बांधणारा सुटला, चादर सुटली, गाठ मारायची रीत सुटली. अडकलो तो मी, माझ्या दुखऱ्या मनासकट. आणि पुढच्या प्रशिक्षणाला आत्या परत खुर्चीत, परत गाठ, फक्त या खेपेला समोर ताजी फुलं.

हे सगळं मी बोललो. जरा मोठ्याने बोललो असेन. उशीची एक शिवण उसवली.

"राग दिसतोय," समन्वयक सहानुभूतीने म्हणाला, आणि राग लिहून घेतला.

"अहो, राग लिहू नका! मी काय म्हणतो ते लिहा!"

"दादा, आपण मॅडमनाच बोलावू या का?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच प्रेम होतं. "त्या सांगतील तो शब्द लिहू."

ताईने कपाळाला हात लावला. मीही मनातून खचलो. आयुष्यभर धरून ठेवलेलं मत म्हातारपणी कोणी सोडतं का? आत्याला लांबवर चालवत नाही, म्हणून मदतनीस बाई तिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली आणि माझ्या शेजारी तिला लावून दाराशी उभी राहिली. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती.

"हे काय?" आत्याने विचारलं.

"उशी, मॅडम. ज्याच्याकडे उशी तो बोलतो."

"आणि ज्याच्याकडे नाही तो?"

"तो ऐकतो."

"बरं आहे. आण इकडे."

समन्वयकाने उशी तिच्या मांडीवर ठेवली आणि लगेच सुरुवात केली, "मॅडम, तुम्हीच आम्हाला..."

"उशी कोणाकडे आहे?"

आत्याने नोंद मागवून घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "माझ्या भाच्याने लिहिलं 'चुकीचं होतं'. तू लिहिलंस 'वाईट वाटलं'. हे कोणी शिकवलं तुला? धर, उत्तर दे." तिने उशी त्याच्या अंगावर टाकली.

"तुम्हीच, मॅडम. 'चुकीचं' म्हणजे शी. शी म्हणजे भावना. म्हणून मी भावनेची नोंद केली."

"दे ती इकडे." उशी परत आली. "बोटावर हातोडा बसला की माणूस 'आई गं' म्हणतो. तू काय लिहिशील? 'सदर गृहस्थांना आईची आठवण आली'?"

दाराशी मदतनीस बाई फिसकन हसली. तिच्याकडे उशी नव्हती, पण हसण्याबद्दल नियम नव्हता.

"'शी' म्हणणं निराळं आणि 'मला शीसारखं वाटतंय हो' असं सांगणं निराळं. शी म्हणणारा स्वतःची तब्येत सांगत नसतो, बाबा. समोरच्या गोष्टीकडे बोट दाखवत असतो. ही थांबवा, म्हणत असतो. आणि तू काय केलंस? बोट दाखवलंय तिकडे बघायचं सोडून त्याचं बोट तपासत बसलास. पेपरातही तू हेच लिहिलं होतंस. मी लाल रेघ मारली होती."

"मॅडम, पण सुवर्णपदक..." त्याच्याने राहवलं नाही.

"ते एकूण गुणांचं. शी कोणी म्हणालं तर ती माहिती नसते, खरं आहे. आग लागली म्हणून कोणी बोंबललं तर तू वही काढतोस का? धावत जायचं असतं! मी त्या दुपारी हाका मारल्या. तुमच्या टाळ्या चालल्या होत्या."

उशीशिवाय उत्तर देता येत नव्हतं. समन्वयकाने उशीसाठी हात पुढे केला. आत्याने उशी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"माझं बोलून झालेलं नाही," ती म्हणाली. आणि गप्प बसली.

आम्ही वाट पाहिली. ती खिडकीबाहेर बघत होती. व्यवस्थापकांनी घड्याळाकडे बघितलं, मग समन्वयकाकडे, मग उशीकडे. हॉलमध्ये प्रशिक्षणाची दुसरी तुकडी जमायला लागली होती, खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. उशी निवासात एकच होती. ती नसेल तर सहृदय संवाद सुरू करता येत नव्हता, आणि सहृदय संवादात म्हाताऱ्या बाईच्या हातून उशी हिसकावता येत नव्हती, निदान नातेवाइकांसमोर तरी नाही. समन्वयकाने चेहरा इतका वेळ खुला ठेवला होता की त्याचे गाल थरथरायला लागले. दारात कोणीतरी डोकावून खुणेने विचारलं, कधी? व्यवस्थापकांनी खुणेनेच सांगितलं, मला काय ठाऊक. ताई सुद्धा हसू दाबण्यासाठी पदराआड खोकली. आत्याने उशीवर हनुवटी टेकवली. झोपते की काय असं वाटलं.

"अहो, हे बरोबर नाही!" व्यवस्थापक एकदम उठून उभे राहिले. "एका माणसाने सगळ्यांना असं अडकवून ठेवायचं? ही काय पद्धत झाली? चूक आहे हे! अन्याय आहे!"

आत्याने डोकं वर केलं. "सुवर्णपदक, लिही. 'व्यवस्थापकांना वाईट वाटलं.'"

"मला वाईट वाटलेलं नाही!" व्यवस्थापकांचा आवाज चिरकला. "मला काय वाटतं त्याचा इथे संबंधच काय? चूक आहे म्हणजे चूक आहे!"

"अस्सं," आत्या म्हणाली. "फुलं पाठवू का खोलीत?"

व्यवस्थापकांना साक्षात्कार वगैरे झाला असेल, असा कोणाचा समज होऊ नये. माणूस उभा होता, लाल झाला होता आणि त्याला उशी हवी होती. "यांना काय हवंय ते लिहून द्या आणि हे संपवा," ते म्हणाले. समन्वयकाने आधीची ओळ खोडली. मी सांगत गेलो आणि त्याने लिहिलं, 'बांधून ठेवणं चुकीचं होतं. यापुढे कोणालाही बांधलं जाणार नाही.' व्यवस्थापकांनी न वाचता सही केली. आत्याने उशी दिली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी खुर्ची ढकलत व्हरांड्यात आलो तो चरफडतच. माणसाला बांधू नये, एवढी साधी गोष्ट पदरात पाडून घ्यायला एक उशी ओलीस ठेवावी लागली. उशी दोन असत्या तर?

"झालं ना एकदाचं मनासारखं?" ताई म्हणाली.

"मनाचा काय संबंध गं?" आत्या म्हणाली. "एवढा वेळ काय ऐकलंस?"

"आत्या," मी म्हटलं, "म्हणजे चुकीचेपणा असतो म्हणायचा का? खराखुरा? लिफ्टसारखा?"

"छट्! शीच आहे ती, ठोंब्या. मत बदललेलं नाही माझं." तिने चष्म्याची चिकटपट्टीवाली काडी कानामागे सारखी केली. "फक्त वर्गात मी 'नुसती शी' म्हणायचे. तो 'नुसती' उगाच घातला. चादरीत बसल्यावर कळलं."

तिची खोली आली नव्हती. तिच्या अलीकडची खोली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांची. तिचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत आजोबा खुर्चीत होते आणि कमरेवर निळी चादर होती. मदतनीस बाईला आत्याला घेऊन बैठकीला यायचं होतं ना, म्हणून जाण्याआधी तिने त्यांना स्थिर करून ठेवलं होतं. त्यांचा एक हात सुटा होता आणि ते हवेत बोटांनी कसलातरी बारीक स्क्रू पिळत होते.

सहीची शाई वाळली नव्हती. ताईच्या तोंडातून "अगं बाई" निघालं.

"शी!" आत्या ओरडली.

तिच्या छातीच्या पिंजऱ्यात एवढा आवाज शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. व्हरांडा दणाणला. दारं उघडली. आमच्या मागोमाग आलेली मदतनीस बाई तोंडावर हात ठेवून जागीच थिजली. "शी! शी! शी!" हॉलमधल्या खुर्च्या थांबल्या. समन्वयक काखेत उशी घेऊन हॉलकडे निघालेला होता, तो वळला आणि आमच्यापाशी आला. धावत आला, हे कबूल करायला हवं. त्याने आत बघितलं. मग आत्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. 'मॅडम, तुम्हाला या क्षणी नेमकं काय वाटतंय', हे मी त्याच्या ओठांवर वाचलं.

आत्याने नुसतं बोट केलं. त्याने बोटाकडे बघितलं. मग बोट जिकडे होतं तिकडे बघितलं.

तोंड मिटून तो आत गेला. खुर्चीमागे फरशीवर त्याने पिवळी उशी टाकली, तिच्यावर गुडघे टेकले आणि गाठीला हात घातला. बराच वेळ खुडबुड करत होता.

"सुटत नाहीये," शेवटी तो म्हणाला. घोड्याशी बोलायचा आवाज कुठेतरी गेला होता. "किती घट्ट बांधलंय हे... शी."

"कात्री लागते," मी म्हणालो. "स्वयंपाकघरात मिळेल. पण चादर कापली की विचारणा होते."

"विचारतील तेव्हा विचारतील," आत्या म्हणाली. "सुवर्णपदक, ऊठ. पळ."